जिवंत उंदरावरून फ्रोझनवर: आमच्या बॉल पायथनचे आठ महिने

ऑक्टोबरात सुरुवात केली, आता मे संपत आलाय. एवढ्या काळात आमचा बॉल पायथन, म्हणजे पाळलेला छोट्या जातीचा अजगर, १६५ ग्रॅमवरून ४१० ग्रॅमवर गेला, आणि नोव्हेंबरपासून त्याच्यापुढे एकही जिवंत उंदीर सोडलेला नाही; तो फ्रोझन, म्हणजे मारून गोठवलेले उंदीर खातो. आर्वी तालुक्यातल्या खेड्यात हे जमतं.

आधी कायद्याचं. आपल्याकडचे साप, अगदी धामणसुद्धा, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला; तो साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असल्यामुळे त्याची परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी लागते. आमच्याकडे ती आहे. कागद नसेल तर साप घरात आणूच नका.

फ्रोझनकडे वळले ती एका चाव्यामुळे. उंदीर आत सोडून मी भाकरी उलटायला गेले, परत येईस्तोवर त्याने सापाच्या पाठीवर कडकडून चावा घेतला होता. दोन कातींनंतरही तो डाग दिसत होता. भुकेजलेला साप शिकार करतोच असं नाही, आणि कोंडलेला उंदीर जिवाच्या आकांताने चावतो.

पहिले तीन प्रयत्न वाया गेले. उंदीर वितळलेला असायचा, पण कोमट. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. पुरेसा गरम नसलेला उंदीर त्याला शिकार वाटतच नाही. आता रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, संध्याकाळी पिशवीत घालून साधारण ४० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं. मग पोट बोटांनी दाबून पाहते. आत गार गाठ लागली तर परत पाण्यात. शेवटी कोरडा करून फक्त डोकं जरा जास्त गरम पाण्यात बुडवते. मायक्रोवेव्ह अजिबात नको, आणि एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही.

चौथ्या वेळी दिवा मालवला, लांब चिमट्याने उंदीर हळूच हलवला. जिभेची लवलव मंदावली, मान मागे ओढली गेली, आणि पुढच्या क्षणी चिमट्याला असा हिसका बसला की हातातून सुटलाच. दोन वेढे घालून तो कितीतरी वेळ तसाच होता. मग नाकापासून गिळायला लागला. मला रडूच आलं.

उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच घ्यावा, आणि खाल्ल्यावर ४८ तास सापाला हात लावू नये.

डिसेंबरात त्याने दोन आठवडे तोंड फिरवलं. दोष फ्रोझनचा वाटला, पण थंडीने सापाच्या डब्याची उबदार बाजू २६ अंशांवर आली होती. तापमान राखणारा थर्मोस्टॅट लावून ३१-३२ वर आणली, तेव्हा जेवला.

खरा त्रास विजेचा. एप्रिलच्या वादळात चौदा तास लाइन गेली, फ्रीजरमधले अठरा उंदीर वितळले. सगळे उकिरड्याशेजारी पुरावे लागले. तेव्हापासून महिन्यापुरताच साठा ठेवते, रिकाम्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरते आणि लाइन गेली की झाकण उघडत नाही. कुरिअरने मागवलेला एक डबा मऊ, वास मारणाराच आला होता, आणि पैसे परत मिळाले नाहीत. आता स्वतः नागपूरला जाते आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून संध्याकाळच्या एसटीने आणते.

फ्रीजर वेगळाच घ्या. पहिलं पाकीट आमच्या फ्रीजमध्ये ठेवलं तेव्हा आजी म्हणाली, "काऊन वं पोरी, खायच्या जागी उंदीर ठेवतं का कोनी?" तिचं बरोबरच होतं. गोठवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरत नाही, म्हणून भांडं, चिमटा वेगळे, आणि दर वेळी हात साबणाने धुवायचे.

सध्या दुपारी खोली तापते म्हणून कूलर चालू असतो. मागच्या आठवड्यात साप जेवला नाही, पण वजन टिकून आहे, म्हणून मी मागे लागले नाही. पुढे उंदरावरून रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) पिल्लांवर न्यायचंय. पहिली दोन पाकिटं कालच फ्रीजरमध्ये ठेवली.