ट्रियर की कोलोन : रोमन वेस पाहायला कुठे जावे?

जर्मनीत रोमन नगराची वेस पाहायची असेल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर ट्रियर आणि कोलोन यांपैकी एकाची निवड करावी लागते, कारण रेल्वेने या दोन शहरांमधले अंतर साधारण अडीच-तीन तासांचे आहे.

सोयीच्या दृष्टीने कोलोन उजवे ठरते. स्थानकाबाहेर पडताच कॅथेड्रल दिसते आणि त्याच्याजवळच्या फरसबंद चौकात उत्तर वेशीची एक कमान केव्हाही, तिकिटाशिवाय पाहता येते. मात्र ती बाजूची, पादचाऱ्यांची लहान कमान आहे. नगराच्या रोमन नावाची ‘सीसीएए’ ही आद्याक्षरे कोरलेली मधली मोठी कमान संग्रहालयाकडे आहे आणि ते संग्रहालय २०१८च्या अखेरीस नूतनीकरणासाठी बंद झाले असल्याने आधी चौकशी करावी. कॅथेड्रलखालच्या वाहनतळात रोमन तटाचा एक तुकडाही जपलेला आहे. तो चुकवू नये.

ट्रियरची पोर्टा निग्रा ही मात्र अवशेष नव्हे, तर जवळजवळ अखंड उभी असलेली वेस आहे. इ.स. १७०च्या सुमारास बांधायला घेतलेल्या या वेशीचे वालुकाश्म आपल्याकडच्या हेमाडपंती बांधणीप्रमाणेच चुन्याविना रचलेले आहेत. फरक इतकाच की, येथे ते शिसे ओतून बसवलेल्या लोखंडी पकडींनी सांधले होते. मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी त्या पकडी उपटून नेल्या आणि सांध्यांजवळ पडलेली ती खोबणी आजही बोट घालून पाहता येतात. तरीही ही वेस वाचली, याचे श्रेय मला सिमिऑन या ग्रीक संन्याशाला द्यावेसे वाटते. १०३० नंतर तो येथे स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर वेशीचेच चर्च झाले. पुढे नेपोलियनच्या आज्ञेने चर्चचा बराचसा भाग काढून टाकण्यात आला, पण पूर्वेकडचा अर्धगोल भाग राहिला. त्यामुळे एकाच इमारतीत दोन काळ शेजारी शेजारी दिसतात.

माझे मत स्पष्टपणे ट्रियरच्या बाजूने आहे. सोबत जिने चढू न शकणारे वडीलधारे असतील किंवा दोन गाड्यांच्या मधला तासभरच मोकळा असेल, तर कोलोन योग्य. ट्रियरला गेलात, तर आधी उत्तरेच्या, म्हणजे नगराबाहेरच्या बाजूने वेशीत शिरावे आणि दोन दारांमधल्या अंगणात थोडे थांबावे. पहिले दार ओलांडून आलेल्या शत्रूला चारही बाजूंच्या खिडक्यांमधून घेरण्याची ती जागा होती.