क्रेनची वार्षिक तपासणी: एएमसीवाला, स्वतंत्र कॉम्पिटंट पर्सन की तपासणी संस्था?

वर्कशॉपमधल्या पाच टनी ईओटी क्रेनचं (छताजवळच्या रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेनचं) तपासणी सर्टिफिकेट संपत आलं की टेबलावर तीन कोटेशनं येतात आणि बहुतेक मालक सगळ्यात स्वस्त उचलतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आकडा बघण्याआधी एक विचारा: तपासणारा वर गर्डरवर, म्हणजे क्रेनच्या आडव्या तुळईवर, चढणार आहे का?

एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार असलेला कंत्राटदार, सोयीचा. ब्रेकचे लायनर कधी बदलले, हे त्याला तोंडपाठ असतं. पण स्वतः बसवलेल्या रोपवर (क्रेनच्या तारदोरावर) स्वतःच शेरा द्यायचा, हे मला पटत नाही. शिवाय 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 ने 12 महिन्यांतून किमान एकदा तपासणी मागितली ती सक्षम व्यक्तीकडून, म्हणजेच कॉम्पिटंट पर्सनकडून, आणि तशी मान्यता महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय देतं. ती एएमसीवाल्याकडे असेलच असं नाही. 2020 च्या कामगार-सुरक्षा संहितेमुळे कायद्याची चौकट बदलते आहे, तेव्हा फॉर्म कुठला लागेल ते संचालनालयातच विचारून घ्या.

स्वतंत्र कॉम्पिटंट पर्सन एक-दोन क्रेनच्या शॉपला परवडतो. मात्र माणसामाणसात फरक फार. एकाने खाली उभं राहून पेंडंटची (क्रेनला लटकणाऱ्या कंट्रोलची) बटणं दाबली, हुक वर-खाली केला आणि वीस मिनिटांत सही केली. पुढच्या वर्षीचे गृहस्थ वर गेले. हुक पार खाली सोडायला लावून ड्रमवर (रोप गुंडाळला जातो त्या रुळावर) रोपचे किमान दोन वेढे उरतात का ते मोजलं, रोपचा व्यास व्हर्नियरने तीन ठिकाणी घेतला, हुक फार वर जाऊ न देणारा वरचा लिमिट स्विच रिकाम्या हुकावर हळू चालवून पाहिला. रोपच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवणाऱ्या इक्वलायझर पुलीखाली, जिथे खालून नजर पोचतच नाही, तिथे त्यांना तुटलेल्या तारा दिसल्या. रोप त्याच दिवशी उतरवला. सखोल तपासणीत गरज पडेल तिथे भाग खोलून बघणंही कायद्याने धरलेलं आहे, हे तेव्हा नीट कळलं.

तपासणी संस्था महाग, तारीखही उशिरा मिळते. क्रेन दहा-बारा असतील किंवा ग्राहकाचं ऑडिट येणार असेल, तर मी संस्थेलाच काम देईन. एनएबीसीबी या राष्ट्रीय मान्यता मंडळाची आयएसओ 17020 (तपासणी संस्थांसाठीचं मानक) मान्यता आहे का, आणि तिच्या व्याप्तीत उचल-यंत्रं येतात का, दोन्ही बघा. संचालनालयाची मान्यता तिलाही लागतेच. स्लिंग, शॅकल, चेन ब्लॉक ही उचलायची साधनं कोटेशनमध्ये धरलेत का, तेही वाचा. ते हमखास सुटतात.

भाड्याच्या हायड्राचं, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या क्रेनचं, गणित वेगळं. आरटीओचं फिटनेस गाडीचं असतं, बूम (उचलणारा लांब हात) आणि रोपचं नाही. उचल-तपासणीचा कागद वेगळा मागा.

मोठ्या दुरुस्तीनंतर क्षमतेच्या सव्वापट वजन उचलून लोड टेस्ट घ्यायची तर पाच टनी क्रेनला सव्वासहा टन लागतात. ते कोण आणणार, हे ऑर्डरवर लिहून घ्या. वजनं आपली असतील तर आदल्या दिवशी काट्यावर तोलून, पावती लावून ठेवा. अंदाजाने भरलेला भंगाराचा बिन चालणार नाही.