गारठवलेला रिसीव्हर की टॉवरवरचा साधा अँप्लिफायर?

लांबच्या मोबाइलचा आवाज बेस स्टेशनवर तुटक येतोय, अपलिंक, म्हणजे मोबाइलकडून टॉवरकडे येणारी वाट, सुधारायची आहे. पर्याय दोन: अतिसंवाहक (विजेला जवळपास रोध न करणाऱ्या द्रव्याचा) फिल्टर आणि लो नॉइज (स्वतःचा गोंगाट कमी भरणारा) अँप्लिफायर असलेली, उणे दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गारठवलेली पेटी; किंवा अँटेनाशेजारी बसवायचा साधा अँप्लिफायर.

आधी हिशेब. नॉइज फिगर म्हणजे यंत्र स्वतः किती गोंगाट भरतं त्याचं माप, कमी तेवढं चांगलं. थंड पेटीचा नॉइज फिगर अर्धा डेसिबल धरू, साध्याचा दीड. कागदावर थंड पेटी जिंकली. पण तीच पेटी टॉवरच्या पायथ्याशी ठेवली आणि वरून येणाऱ्या फीडर केबलने दोन डेसिबल खाल्ले, तर एकूण अडीच होतात. अँप्लिफायरच्या आधी जे गेलं ते गेलंच, म्हणजे वरचा साधा डबा पुढे! थंड पेटी वर चढवली तर एक डेसिबलचा फायदा उरतो. मोकळ्या भागात पल्ला साधारण सात टक्क्यांनी वाढतो. शिवाय अँटेना क्षितिजाकडे पाहते, तिला जमिनीची ऊब गोंगाट म्हणून दिसतेच. तो गोंगाट कुठल्याही कूलरने जात नाही.

माझ्या मते थंडाव्याची खरी कमाई फिल्टरमध्ये आहे. वायबीसीओसारखं सिरॅमिक द्रव्य ९२ केल्विनच्या (उणे १८१ अंश सेल्सिअस) खाली अतिसंवाहक होतं. त्याच्या पातळ थरावर कोरलेला तळहाताएवढा फिल्टर शेजारच्या बँडचा सिग्नल कड्यासारखा तोडतो आणि आपला जवळपास अखंड सोडतो. धातूच्या पोकळ कप्प्यांच्या नेहमीच्या कॅव्हिटी फिल्टरकडून तेवढी धार काढायची, तर आकार आणि लॉस (सिग्नलची घट) दोन्ही वाढतात.

किंमत मात्र रोज मोजायची. पेटी गारठवणारा स्टर्लिंग कूलर अखंड चालतो, वीज खातो. तो थांबला की फिल्टर तापतो आणि सिग्नलच अडवतो, म्हणून फिल्टर टाळून जाणारा बायपास हवाच. पुन्हा थंड व्हायला काही तास जातात. रेडिओ आधीच अँटेनाशी असेल, तर केबलचा प्रश्नच नाही. ६४ रिसीव्हरांच्या अँटेनात तर प्रत्येकाला थंड फिल्टर लागेल, तिथे हा विषय सोडाच.

ऑर्डर देण्याआधी पहाटे तीनला, ट्रॅफिक नसताना, अपलिंकची एकूण पॉवर बघा. ३.८४ मेगाहर्ट्‌झच्या थ्रीजी कॅरिअरवर उष्णतेचा गोंगाट उणे १०८ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) असतो. त्यात आपला नॉइज फिगर मिळवा. आकडा तिथेच असेल, तर आधी वरचा अँप्लिफायर घ्या. आठ-दहा डेसिबल जास्त दिसला, तर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम अॅनलायझर लावा. चोर, म्हणजे त्रास देणारा परका सिग्नल, बँडच्या बाहेर सापडला तर थंड फिल्टर मागवा. बँडच्या आतच असेल, तर दोन्ही पेट्या निरुपयोगी.