पावसातली 8 बाय 42

दुर्बीण घेऊन वर्ष होत आलं, पण तिची खरी परीक्षा झाली डिसेंबरातल्या अवकाळी पावसात, हर्णै बंदरावर. मोहोराचं आता काय होणार म्हणून गाव कपाळाला हात लावून बसलेलं आणि मी रेनकोट चढवून कुरव हे समुद्रपक्षी बघायला निघालेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सर्दी झाली तर काढा तुझा तू कर."

माझी आधीची 10 बाय 50, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 50 मिलिमीटरचं. निव्वळ धोंडा. हात जरा हलला की पक्षी गायब, आणि पावसात आतून धुकं धरायची ते वेगळंच. ही 8 बाय 42, पाणी न शिरणारी, आत नायट्रोजन भरलेली. तीन तास भिजली, आतली काच लख्ख. उजेडाचं म्हणाल तर डोळ्याकडे येणाऱ्या झोताची रुंदी 42 भागिले 8, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. धोंड्याचेही पाचच होते. मग इतकी वर्षं मान का मोडून घेतली?

जेट्टीवर कुरवांचा नुसता गलका. काळ्या डोक्याचा कुरव थंडीत येतो तो काळं डोकं उतरवूनच, कानामागे एक ठिपका तेवढा उरतो. तपकिरी डोक्याचाही तसाच. मग ओळखायचं पंखावरून: तपकिरीच्या काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके असतात. आणि पूर्ण वाढलेल्याचा डोळा फिकट. तो फिकट डोळा मला भर पावसात, चष्म्यावरून दिसला! पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रारी आहेतच. डोळ्याकडच्या भिंगांचं झाकण इतकं सैल की पहिल्याच तासात समुद्रार्पण. पट्टा भिजला की मानेला काचतो. श्वासाने बाहेरून वाफ धरतेच, त्याला नायट्रोजन काय करणार? घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, मगच पुसा. मिठाचे कण तसेच घासलेत तर भिंगावर चरे पडतील. माझ्या धोंड्यावर आहेत.

शेजारी टोपली घेऊन थांबलेल्या मावशींनी दुर्बीण मागितली. मी म्हटलं, तो बघा, खांबावर बसलाय. त्यांनी पक्ष्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ सुवर्णदुर्गाच्या बाजूला रोखली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "निळी ना? आमचीच. आली बघ." आणि दुर्बीण माझ्या हातात देऊन टोपली उचलून चालू पडल्या.