ओयेझ: शाळेतल्या धर्माचा वाद घालण्याआधी हे ऐका

अमेरिकेत पब्लिक स्कूलच्या, म्हणजे सरकारी शाळांच्या, पालकांमध्ये विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, 'प्रार्थना बंद केली म्हणजे सेक्युलॅरिझम नावाचा धर्मच शाळेत आणला!' हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून 'ओयेझ' हे संकेतस्थळ मी सगळ्यांना सुचवते. सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादांचं ध्वनिमुद्रण १९५५ पासून होतंय आणि ते इथे फुकट ऐकता येतं. खातंही उघडावं लागत नाही.

सुरुवात ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यापासून करा. युक्तिवाद फेब्रुवारी १९६३ चा. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने रोज सकाळी शाळेत बायबलमधली किमान दहा वचनं, कसलंही भाष्य न करता, वाचावी लागत. आवाजाबरोबर खालचा मजकूर सरकत जातो आणि कोण बोलतंय ते फोटोसकट दिसतं. एखादं वाक्य निसटलं तर त्यावर क्लिक करायचं, की आवाज तिथूनच सुरू. न्यायमूर्ती वकिलाला मध्येच अडवतात आणि मांडणी तिथल्या तिथे तपासली जाते. हे ऐकताना जे कळतं, ते निकालाच्या बातमीतून कधीच कळलं नसतं.

निकाल ८ विरुद्ध १ असा लागला आणि सक्तीचं वाचन गेलं. पण त्याच निकालात न्यायमूर्ती क्लार्क यांनी बजावलं आहे की धर्माला विरोध करून किंवा वैर दाखवून सरकारने 'सेक्युलॅरिझमचा धर्म' प्रस्थापित करता कामा नये. बायबलचा किंवा धर्माचा तटस्थ अभ्यास शाळेत करायला मात्र मोकळीक आहे. हा भाग दोन्ही बाजूंचे लोक सोडून देतात. मेफ्लॉवर जहाजावरची माणसं १६२० साली समुद्र ओलांडून का आली, हे धर्माचं नाव न घेता शिकवणारा शिक्षक मला तटस्थ वाटत नाही. तो घाबरलेला वाटतो. आणि त्याच्या त्या भित्र्या मौनालाच पालक नवा धर्म समजून बसतात.

आता उणिवा. जुन्या मुद्रणांत आवाज खरखरतो आणि मजकुरात 'ऐकू येत नाही' अशा जागा येतात, नेमक्या प्रश्न रंगात आलेला असताना. सारांश फारच त्रोटक असतात. टोर्कासो विरुद्ध वॉटकिन्स (१९६१) च्या अकराव्या तळटीपेत देव न मानणाऱ्या धर्मांच्या यादीत बौद्ध धर्माच्या जोडीला 'सेक्युलर ह्युमॅनिझम', म्हणजे देवाऐवजी माणूस आणि विवेक यांना केंद्रस्थानी ठेवणारा विचार, आहे. सगळा वाद त्या एका ओळीवर उभा राहिला, पण सारांशावर थांबलात तर ती तुमच्या हाती लागणार नाही. निकालाचा पूर्ण मजकूर उघडाच. खटला मेरीलँडमधल्या एका नोटरीच्या नेमणुकीचा होता, शाळेचा नव्हे, हेही तेव्हाच ध्यानात येईल.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे इथे फक्त सर्वोच्च न्यायालय आहे. अलाबामा राज्यातल्या मोबाईल नावाच्या शहरात १९८७ मध्ये न्यायाधीश ब्रेव्हर्ड हँड यांनी सेक्युलर ह्युमॅनिझम हा धर्मच आहे असं ठरवून ४४ पाठ्यपुस्तकांवर बंदी घातली. काही महिन्यांतच अपील न्यायालयाने ती उठवली. तो धर्म आहे असं क्षणभर धरून चाललं तरी ही पुस्तकं त्याचा प्रसार करत नाहीत, एवढंच त्यांनी म्हटलं. मूळ प्रश्नाला हात लावला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलंच नाही, त्यामुळे ओयेझवर त्याचं ध्वनिमुद्रण नाही. ज्यांना नेमका हाच प्रश्न पडलाय त्यांची इथे निराशा होईल, म्हणून एक तारा कापला.

पाचपैकी चार. शेम्पनंतर २०२५ चा महमूद विरुद्ध टेलर ऐका; त्यात आवाज स्वच्छ आहे. शाळेतल्या गोष्टींच्या काही पुस्तकांच्या वाचनातून आपल्या मुलांना वगळा, असं धार्मिक कारणासाठी मागणारे पालक तिथे आहेत. घाई असेल तर वेग वाढवून ऐकू नका, निदान न्यायमूर्तींचे प्रश्न तरी सावकाश ऐका.