डॉक्टरांची चिठ्ठी न मागणाऱ्या घरपोच औषधवाल्याने घेतलेले ४८,३५० रुपये

आकडा आधीच सांगते, म्हणजे 'थोडेफार गेले असतील' असं कुणाला वाटायला नको. ४८,३५० रुपये.

औषध होतं अ‍ॅडालिमुमॅब ४० मिलिग्रॅम. औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन, दर १४ दिवसांनी एक, आईच्या आमवातासाठी. नेहमीच्या दुकानात एक पेन १०,२०० रुपयांना मिळतं. रुग्णांच्या ग्रुपवर फिरत आलेल्या नंबरवर तेच ७,९५० ला, 'कोल्ड चेनसह घरपोच', म्हणजे वाटेत सतत थंड ठेवून. सहा पेनांचे ४७,७०० आणि थंड डब्याचे ६५०. आधी ५,००० टोकन आणि पॅकिंगचा फोटो आल्यावर ४३,३५०, दोन्ही यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, एका माणसाचं आलं. 'मालकांचं खातं आहे, ताई,' असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी ते पटवून घेतलं.

लोभाने घेतलं असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: नेहमीच्या दुकानात माल संपला होता, 'सहा दिवस लागतील' म्हणाले, आणि डोस तीन दिवसांवर आला होता. डोस लांबला की सकाळी आईला कपाचा कान धरता येत नाही. हे ज्यांच्या घरात आहे त्यांना घाई म्हणजे काय ते कळेल.

पण चिठ्ठीचं काय? ती त्याने मागितलीच नाही. 'रिपीट पेशंट आहेत ना, चिठ्ठीची गरज नाही.' हे वाचून मला बरं वाटलं, सोय वाटली, आणि याचीच सगळ्यात जास्त चीड येते. हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात, कारण त्याने प्रतिकारशक्ती दबते. असं औषध चिठ्ठीशिवाय देणारा माणूस सोय करत नसतो. त्याच्याकडे नोंद ठेवायला रजिस्टर नसतं, सही करायला फार्मासिस्ट नसतो, म्हणून त्याला चिठ्ठी नको असते. खरं दुकान चिठ्ठी मागून तुम्हाला वैताग आणतं. तो वैताग सोसा.

'सरकारनेच घरपोच औषधांना परवानगी दिली आहे,' हेही त्याने ऐकवलं. अर्धं खरं आहे. २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने, कोविडच्या काळात, परवानाधारक किरकोळ दुकानदाराला घरपोच औषध द्यायला मुभा मिळाली, पण अटींसह: चिठ्ठी प्रत्यक्ष किंवा ईमेलने आलेली हवी, जुनाट आजाराची असेल तर ३० दिवसांच्या आतली हवी, आणि औषध दुकानाच्या महसुली जिल्ह्यातच पोचवायचं. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ च्या ऑगस्टमध्ये निघाला होता. मसुदा म्हणजे नियम नव्हे. त्याच्या जोरावर कुणी परवाना दाखवू लागला तर फोन ठेवा.

बिल मी नंतर नीट पाहिलं. आधी पाहायला हवं होतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे ०७, म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचे २७ असतात. खाली औषध परवाना '२०बी'. हा घाऊक विक्रीचा नमुना, त्यावर रुग्णाला विकता येत नाही. किरकोळ विक्रीला नमुना २० आणि २१ लागतात, आणि इंजेक्शनं औषध नियमांच्या अनुसूची सी मध्ये येत असल्यामुळे २१ नसेल तर २० असूनही ती विकता येत नाहीत. त्यामुळे नुसतं 'लायसन्स आहे का' विचारून भागत नाही. परवान्याचा फोटो मागवा, त्यात २१ आहे का बघा, परवान्यावरचा पत्ता बिलाशी जुळवा. आणि बिलावर बॅच नंबर व मुदतीची तारीख नसेल तर पेन हातात घेऊच नका.

आता डबा. मे महिना, दुपारचे पावणेपाच, दुचाकीवरून पोरगा आला. 'काल रात्रीच्या विमानाने आलंय.' पातळ थर्माकोलचा डबा, चिकटपट्टी ताजी. आत दोन जेल पॅक, सिंकच्या कडेवर आपटले तर दगडासारखे वाजले. दोन्ही थेट पेनांच्या खोक्यांना चिकटलेले, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडासुद्धा नाही. तापमान नोंदणारं यंत्र नाही, गोठल्याचं दाखवणारी पट्टीही नाही.

इथे थांबायला हवं होतं. मेच्या उकाड्यात, असल्या डब्यात, वीस तास प्रवास केलेला जेल पॅक दगडासारखा राहूच शकत नाही. तो डबा तासा-दोन तासांपूर्वी आमच्याच शहरात कुठेतरी भरला होता. म्हणजे विमान खोटं, पर्यायाने दिल्लीचं बिल खोटं, आणि त्याआधी ती पेनं कुठे, किती तापमानात पडून होती याचा पत्ता नाही. हे सगळं कळायला लागणारी माहिती मला होती. पॅक हातात होता, आवाज ऐकला होता, आणि मी 'वा, अजून गार आहे' म्हणत सही केली.

गार म्हणजे चांगलं, ही समजूत काढून टाका. या औषधाला २ ते ८ अंश लागतात. गोठलं की त्यातल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात, आणि पुन्हा वितळल्यावर ते पूर्ववत होत नाही. कधी पेनच्या छोट्या खिडकीतून कण दिसतात, कधी द्रव आरशासारखा स्वच्छ दिसतो आणि औषध मात्र वाया गेलेलं असतं. लसींची हलवून बघायची चाचणी इथे चालत नाही, ती ठरावीक गढूळ लसींसाठी आहे, शिवाय पेन जोरात हलवायचंच नसतं. नीट काम करणारे लोक पॅक फ्रीजरमधून काढून, आतलं पाणी खुळखुळेपर्यंत बाहेर ठेवतात आणि मगच डब्यात घालतात, पॅक आणि औषध यांच्या मध्ये पुठ्ठा ठेवून.

दोन पेनं वापरली. दहाव्या दिवशी आईची बोटं आखडली, दुसऱ्या पेननंतरही फरक नाही. तेव्हा उरलेल्या चार खोक्यांची झाकणं उघडून पाहिली, तर दोन खोक्यांवर एक बॅच आणि आतल्या पेनवर दुसरी. मुदतीच्या तारखेची शाई ओल्या बोटाने पुसली गेली. बाहेरचं खोकं पाहून समाधान मानू नका. खोकं, पेन आणि बिल, तिन्हींवरची बॅच एकच हवी. क्यूआर कोडवरही विसंबू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून तो ठरावीक ३०० ब्रँडांनाच सक्तीचा आहे, आणि छापलेल्या कोडची नक्कल करायला एक छापखाना पुरतो.

२०२४ च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगाच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यात बुरशीवरचं औषध भरणारी टोळी पकडली होती. ती बातमी वाचून हळहळले होते. बाटलीचं झाकण आणि पेनचं खोकं यांची गोष्ट एकच आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तक्रारीचं सांगते. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पोचक्रमांक मिळाला. पण पैसे जाऊन महिना होत आला होता, आणि रक्कम गोठवायची तर पहिले काही तासच कामाचे असतात. बँक म्हणाली, 'पैसे तुम्हीच पाठवले.' पोलीस चौकीत विचारलं, 'माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?' मालच खोटा आहे हे तीनदा समजावलं. 'मग औषधखात्यात जा.' तिथे तीन खेपा. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा 'बिल दिल्लीचं, तक्रार दिल्लीत करा.' माल आमच्या दारात विकला गेला, विनापरवाना विक्रीला कायद्यात किमान तीन वर्षांची कैद आहे, तरी जागा दिल्लीचीच! दिल्लीला ईमेल केला, सात आठवडे झाले, उत्तर नाही. तिसऱ्यांदा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ चं नाव काढलं: औषध विकत घेणारा कुणीही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, अर्ज नमुना १४-ए. खिडकीवरच्या माणसाने हा नमुना पाहिलेला नव्हता. 'असं ग्राहकाकडून घेत नाहीत.' घेतात. १९४० च्या कायद्यात लिहिलंय. कागद छापून नेला, तेव्हा ठेवून घेतला. पोच मागितली तर 'नंतर या'.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण नोटीस कुठे पाठवायची? बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र 'असा कोणी नाही' म्हणून परत आलं.

कंपनीच्या ग्राहक सेवेने मात्र लगेच फोन घेतला. 'पेनं आमच्याकडे पाठवा.' सगळी कधीही पाठवू नका. एक गेलं तरी किमान दोन न उघडलेली, खोक्यासकट, घरी ठेवा. पुरावा तोच.

डबा आणि जेल पॅक फेकू नका. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे फोटो काढा. फ्रिजच्या दारात किंवा फ्रीजरच्या खालच्या खणात पेन ठेवू नका. पेन बाहेर राहिलं असेल तर बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर लिहा. काही कंपन्यांची पेनं २५ अंशांपर्यंत १४ दिवस चालतात, पण ते दिवस भरले की पुन्हा फ्रिजमध्ये ठेवूनही ती वापरता येत नाहीत.

चार पेनं सध्या मधल्या खणात आहेत, पिशवीत बंद, वर 'वापरू नये' आणि तारीख. अर्जाची पोच मिळवायला सोमवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी अर्जाच्या दोन प्रती नेईन, एकीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडणार नाही.