कुस्ती मैदान लाईव्ह दाखवायला ओबीएस स्टुडिओ कसं आहे

कोल्हापूर सांगली पट्ट्यात जत्रेचं मैदान आता यूट्यूबवर लाईव्ह दाखवावंच लागतं, नोकरीसाठी पुण्यामुंबईला नी पार दुबईला गेलेली पोरं फोन धरून बसलेली असतात. मी हे काम ओबीएस स्टुडिओवर करतो, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र नी आवाज कॉम्प्युटरवरून यूट्यूबला लाईव्ह पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. त्याच्यावर जे काय व्हिडिओ सापडतात ते बहुतेक गेमिंगवाल्यांचे, त्यांची सेटिंग मैदानाला चालत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही, पैसे भरून उघडणारं वेगळं व्हर्जन नाही. २०१२ ला ह्यू बेली यांनी सुरू केलेलं ओपन सोर्स काम, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. व्हीमिक्स हे असंच दुसरं सॉफ्टवेअर, तेसुद्धा चांगलं आहे पण ते फक्त विंडोजवर आणि विकत, गावच्या यात्रा कमिटीच्या बजेटमध्ये काम करणाऱ्याला ओबीएसच परवडतं.

आता मुद्द्याचं. कुस्ती ही एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागाला, लै अवघड. एन्कोडर प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नसतो, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतो. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर बदलतं फक्त तोंड, कमी बिटरेटमध्येपण (बिटरेट म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा) चित्र झकास दिसतं. मैदानात पैलवानांनी माती उधळली की अख्खी फ्रेम नवी, मागं गर्दी उठतीय बसतीय, त्यात कॅमेरावाला पॅन करतोय, आणि बिटरेट तर बांधलेला. मग ऐन डाव लागतानाच चित्राचे चौकोन होतात नी पाठ टेकली का नाही तेच दिसत नाही, ज्याच्यासाठी माणूस तासभर बघत बसला तेच गेलं. यूट्यूब एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारासाठी १०८०पी ३० फ्रेमला १० एमबीपीएस (म्हणजे १०००० केबीपीएस) सुचवतं आणि ७२०पी ३० फ्रेमला ४ एमबीपीएस. तुमचं अपलोड सहा सातच मिळत असेल तर १०८०पी चा हट्ट सोडा, ७२०पी वर ४००० केबीपीएस द्या, लोकांना फोनवर तेच जास्त स्वच्छ दिसतं.

सेटिंगमध्ये आऊटपुट मोड ॲडव्हान्स्ड करा, रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट एकसारखा ठेवणारा), कीफ्रेम इंटरव्हल, म्हणजे किती वेळानं एक पूर्ण फ्रेम पाठवायची ते, २ सेकंद, तो ऑटोवर सोडू नका. एनव्हीडिया कार्ड असेल तर त्याचा एन्कोडर एनव्हेंक निवडा, नसेल तर इंटेलचं क्विक सिंक, आणि प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४ वरच चालवायचं असेल तर प्रीसेट (वेगाची पायरी) व्हेरीफास्टपेक्षा हळू ठेवू नका, लॅपटॉपला झेपत नाही.

फ्रेम रेटबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, इथं मिळणारे बरेच व्हिडिओ कॅमेरे २५ किंवा ५० फ्रेमवर चालतात. ओबीएस ३० वर आणि कॅमेरा २५ वर असेल तर मधेमधे एकेक फ्रेम दोनदा दिसते, पॅन करताना चित्र अडखळतं, आणि लोक नेटला शिव्या देतात. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये २५ पाल आणि ५० पाल दोन्ही आहेत, कॅमेऱ्याला जुळेल ते घ्या. संध्याकाळी फ्लडलाईट लागले की कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या ५० व्या भागावर ठेवा म्हणजे लाईटचा फडफडाट बऱ्यापैकी मरतो.

मला ओबीएस सगळ्यात जास्त कशासाठी आवडतं तर ते काय बिघडलंय ते सरळ सांगतं. डॉक्स मेनूत स्टॅट्स आहे, ते कायम उघडं ठेवा. त्यात फ्रेम जायच्या तीन वेगवेगळ्या ओळी आहेत. ड्रॉप्ड फ्रेम्स म्हणजे नेट कमी पडतंय. एन्कोडिंग लॅगने स्किप झाल्या तर प्रोसेसर किंवा एन्कोडर दमलाय, प्रीसेट हलका करा. रेंडरिंग लॅग असेल तर ग्राफिक्स कार्डवर ओझं झालंय, सीनमधले हलणारे जाहिरातीचे पट्टे कमी करा. प्रेक्षकाला तिन्ही वेळा सारखंच दिसतं, चित्र अडकलं, पण उपाय तिन्हीचे वेगळे. मोठी जोड लागलीय, कमिटीवाले मागं येऊन "काय झालं हो, काय झालं" करतायत, तेव्हा नक्की कुठं हात घालायचा ते कळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

नेटचं मात्र ओबीएसच्या हातात नाही. सकाळी मोकळ्या मैदानात स्पीड टेस्ट छान येते, दुपारी गर्दी जमली की तोच टॉवर हजारो फोन ओढतात आणि अपलोड झोपतं. टेस्ट गर्दी आल्यावर करा, जे येईल त्याच्या साठ-सत्तर टक्केच बिटरेट ठेवा. सेटिंगच्या ॲडव्हान्स्ड भागात नेटवर्कच्या खाली नेटच्या कोंडीप्रमाणं बिटरेट आपोआप बदलायचा पर्याय आहे तो चालू करा, चित्र थोडं मऊ होतं पण फ्रेम जात नाहीत. दोन सिमचं नेट एकत्र जोडणं ओबीएसला जमत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं.

आवाजाकडं लोक दुर्लक्ष करतात आणि मैदानात अर्धी मजा आवाजाचीच आहे, हलगी आणि निवेदक. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळी लाईन घ्या, तिच्यावर लिमिटर फिल्टर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) लावा, मायनस ६ डीबी ठेवला तर हलगीचा ठोका आला तरी फाटत नाही. गर्दीसाठी एक माईक वेगळा. कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या कॅप्चर कार्डमुळं चित्र थोडं उशिरा येतं आणि आवाज आधी, त्यासाठी ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये सिंक ऑफसेट आहे. कॅमेऱ्यासमोर एकाला टाळी वाजवायला लावा, ती मिक्सरला जोडलेल्या निवेदकाच्या माईकजवळच वाजूद्या, रेकॉर्ड करून फ्रेम मोजा, २५ फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलीसेकंद, जितका फरक तितका आकडा आवाजाला द्या.

रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाईल प्रकारात करा. वीज गेली, जनरेटर चालू व्हायच्या आत मशीन बंद पडलं तरी तोवरची फाईल शाबूत राहते, साधी एमपी४ असेल तर उघडतच नाही. नंतर फाईल मेनूतल्या रीमक्सने एमपी४ होते, त्यात पुन्हा एन्कोडिंग नसल्यानं वेळ लागत नाही आणि क्वालिटीपण तीच. पैलवान नी वस्ताद लगेच आपल्या जोडीचा तुकडा मागतात, तो यातूनच कापून द्यायचा.

उणीवा आहेत. एकाच वेळी यूट्यूब आणि फेसबुक दोन्हीकडं पाठवायचं तर प्लगइन टाकावं लागतं, हे आतच असायला पाहिजे होतं. रिप्लेसाठी रिप्ले बफर आहे, शेवटचे काही सेकंद सेव्ह होतात, पण ते लगेच स्क्रीनवर दाखवायची जुळणी आपल्यालाच करावी लागते. आणि खरा त्रास मराठीचा. विंडोजवर पैलवानांची नावं टेक्स्ट सोर्समध्ये नीट येतात, मॅक आणि लिनक्सवरच्या टेक्स्ट सोर्समध्ये जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडं बसते. गावभर ज्याचं नाव आहे त्या पैलवानाचं नाव स्क्रीनवर चुकीचं दिसणं मला अजिबात चालत नाही. तिथं ब्राउझर सोर्स (वेबपान थेट चित्रावर दाखवणारा) वापरा, नावाची पट्टी साध्या एचटीएमएल पानावर बनवा, त्यात देवनागरी बरोबर येते आणि तालमीचं नाव, गाव, वजन सगळं एकाच पट्टीत बसवता येतं.